मार्थामावशीचा राहिलेला सलाम

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन माणसं भेटली की 'सलाम' म्हणतात. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. नगरकडून मुंबईला आलेल्या आज्या-पणज्यांनी ही रीत सोबत आणली आणि बोरीवलीत आम्ही ती अजून टिकवली आहे. लहानाने आधी सलाम करायचा, मोठ्याने उत्तर द्यायचं. मार्थामावशी साळवे मात्र हा नियम मानत नाही. बाहत्तर वर्षांची ही बाई दर रविवारी उपासनेआधी जिन्याच्या तोंडाशी उभी राहते आणि शेंबड्या पोरालाही स्वतःच आधी सलाम करते. उत्तर मिळाल्याशिवाय वाट सोडत नाही. मोबाईलमध्ये डोकं घालून जाणाऱ्याचा तर दंडच धरते.

एका डेंटिस्टच्या दवाखान्यावर आमचा भाड्याचा हॉल आहे. आम्ही बाप्टिस्ट, म्हणजे पाण्यात पुरतं बुडवून बाप्तिस्मा देणारे, म्हणून आयसी कॉलनीतले कॅथलिक दोस्त आम्हाला लाडाने 'बुडवे' म्हणतात. आमच्यावर बिशप नाही. लहानमोठं काहीही ठरवायचं तर सगळे सभासद हात वर करून ठरवतात. या पद्धतीचं कौतुक मी पूर्वी फार करायचो. आता जपून करतो, त्याचं कारण पुढे येईलच.

चार वर्षांपूर्वी रुचिराताई आमच्या पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाल्या आणि त्यांनी सभासदांसमोर दोन ठराव मांडले. एक, माणूस कुणावरही प्रेम करत असो, मंडळीचं दार त्याला उघडं राहील. दुसरा, घरादारातून उठवून दिलेल्या माणसाला त्याचा धर्म न विचारता आधार द्यायचा. दोन्ही वेळेला पहिला हात मार्थामावशीचा वर गेला. मी हार्मोनियमच्या मागे बसलो होतो. तिच्या हाताकडे बघवेना.

मग झरमीना आली. काबूलची शिक्षिका, दहा वर्षांच्या मुलीला घेऊन दिल्लीमार्गे इथवर पोहोचलेली, नवरा हेरातला अडकलेला. कुणीतरी सांगितलं म्हणून पत्ता शोधत जिना चढली. वर मावशी उभीच. "सलाम!"

झरमीनाचा चेहरा उजळला. "वालेकुम अस्सलाम," म्हणत ती धावतच आत गेली आणि भिंतीवरचा लाकडी क्रूस बघून जागच्या जागी थिजली. चुकून भलत्याच घरात शिरल्यासारखी ती मुलीचा हात ओढत मागे फिरली.

"मैं समझी, आप हमारे हो," ती म्हणाली.

"हमारेच हैं की," मावशीने तिच्या खास हिंदीत सांगितलं आणि तिला बसवून चहा पाजला.

तेव्हापासून दोघींची गट्टी जमली. मुलीचा शाळाप्रवेश, डॉक्टर, कागदपत्रांचे हेलपाटे, सगळीकडे मावशी सोबत. बायबलातली मार्था जशी सदा कामात, तशी ही. सोसायटीतली भांडणं मिटवायची तर मावशी, मंडळीत दोन जावा बोलेनाशा झाल्या तर मावशी. मी चिडवायचो, "मावशी, एखादं भांडण आमच्यासाठी शिल्लक ठेव गं." ती हसायची नाही.

कारण दिव्याखाली अंधार होता, आणि तो मला माहीत होता.

तिचा एकुलता एक मुलगा सुबोध. आवाज असा की त्याच्यासाठी मी एक पट्टी वर वाजवायचो. अकरा वर्षांपूर्वी त्याने मंडळीला सरळ सांगितलं, माझं दिपेश नावाच्या माणसावर प्रेम आहे, मी त्याच्याबरोबर राहणार. सभासदांची सभा बसली. सुबोधचं नाव सभासदपत्रकातून काढायचं का, हात वर करा. हात वर गेले. मावशीचाही गेला. माझाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून काय उपयोग?

सुबोध शांतपणे उठला. दारापाशी वळून म्हणाला, "सलाम, आई."

मावशीने उत्तर दिलं नाही. तो थोडा वेळ थांबला आणि जिना उतरून गेला.

हॉलच्या खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांच्या पलीकडे मुलुंड, आणि मुलुंडला सुबोधचं घर. पत्ता मावशीच्या बायबलमध्ये घडी घालून ठेवलेला. खाली बोगदा खणतायत म्हणे, पलीकडे ठाण्याला जायला. ती खिडकीशी उभी राहून विचारायची, "अंबादास, कधी होणार रे तो बोगदा?" दर नाताळला सुबोधच्या आवडीच्या ओल्या नारळाच्या करंज्या करून डबा बाजूला ठेवायची. चार दिवसांत त्या वास मारायला लागायच्या. मग टाकून द्यायची.

"फोन कर ना," मी म्हणायचो.

"कुठल्या तोंडाने?" एवढंच.

यंदा फेब्रुवारीत, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रीतिभोजन होतं. माझं डोकं आधीच फिरलेलं, कारण मदतीच्या तांदळाची पोती माझ्या हार्मोनियमला टेकवून रचली होती. झरमीना ताटं घेऊन समोरून आली. "सलाम, भाईसाब." मी तोंड फिरवून पोती ढकलत राहिलो.

"अंबादास!" मावशी कडाडली. "सलाम केला तिने तुला!"

"ऐकू आलं," मी म्हणालो.

झरमीना रागावली नाही. पोरांना शिकवावं तशी म्हणाली, "भाईसाब, सलाम करना अपनी मर्ज़ी है. जवाब देना फ़र्ज़ है. मेरे शौहर का सलाम आठ-आठ दिन बाद आता है, नेट मिले तब. मैं जवाब न भेजूं तब तक निवाला नहीं उतरता. सलाम वहीं खड़ा रहता है ना, जवाब के लिए."

मी ओशाळून सलाम म्हटलं. पण मावशीचा डाव आमटीच्या पातेल्यातच थांबला होता.

"आणि अकरा साल बाद दिया तो?" तिने विचारलं.

झरमीनाने तिच्याकडे पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "मालूम नहीं, मौसी. दे के देखो."

पुढच्याच शनिवारी दुपारी मावशी माझ्या दारात उभी. ठेवणीतलं लुगडं, हातात करंज्यांचा डबा. "चल. बोगद्याची वाट बघत बसले तर मी मरून जाईन." रिक्षाने गोरेगाव, पवई असा वळसा घालत आम्ही मुलुंडला पोहोचलो. वाटभर ती ओठातल्या ओठात एकच शब्द घोकत होती. सत्तरीची बाई आणि परीक्षेला निघाल्यासारखी घाबरलेली. मला तिचा राग आला, माझाही आला, आणि रडूही येत होतं.

दार चाळिशीच्या एका उंच माणसाने उघडलं. हात कणकेने माखलेले. मावशीला बघताच त्याने ओळखलं. घरात फोटो असणार.

"तुम्ही सुबोधच्या आई ना? मी दिपेश. या ना आत. तो येईल इतक्यात."

आम्ही बसलो. पाणी झालं.  मग दिपेशच म्हणाला, "काकू, एक विचारू? तो रोज घरात शिरताना दारात 'सलाम' म्हणतो. म्हणतो आणि जरासा थांबतो. मी कितीदा विचारलं, यावर काय उत्तर द्यायचं असतं? तर म्हणतो, काही नाही, राहू दे."

मावशीने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "सलामच म्हणायचं असतं, बाळा. सलामाला सलाम."

दिपेश मान हलवून कणीक मळायला स्वयंपाकघरात गेला.

पाच वाजता कुलपात किल्ली फिरली. सुबोध आत आला. केस पांढरे व्हायला लागलेले. खाली बघून बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "सलाम." आणि थांबला.

मावशीचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. अकरा वर्षं जिन्याच्या तोंडाशी उभं राहून जगाला सलाम करणारी बाई, नेमकी आत्ता मुकी. बोल ना गं, बोल, असं माझ्या मनात चाललेलं.

तेवढ्यात आतून दिपेशचा आवाज आला, "सलाम!"

सुबोध बूट हातात धरून तसाच राहिला. "हे तुला कुणी शिकवलं?"

दिपेश दारात आला आणि कणकेच्या हाताने त्याने खुर्चीकडे दाखवलं.

"मी," मावशी म्हणाली. "सलाम, सुबोध. द्यायचा राहिला होता रे."