जिप्सीत ठरलेली उत्तरं

माझ्या मुलीनं विद्यापीठात जाऊ नये यासाठी सगळ्यात जास्त मेहनत मी घेतली, आणि तीही तिला मदत करता करता.

मी मोहर्लीचा. वीस वर्षं ताडोब्यात पाहुण्यांना वाघ दाखवतो (म्हणजे वाघ आपला आपण दिसतो, मी फक्त बोट दाखवतो). पोरगी प्रज्ञा प्रवेश परीक्षेची तयारी करत होती, म्हणून चंद्रपुरातून सराव प्रश्नांचं जुनं पुस्तक आणलं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, भूगोल, सगळं एकाच जिल्दीत! घरी आल्यावर कळलं, मागची उत्तरांची पानं आधीच्या मालकानं फाडून घेतली होती. बायको म्हणाली, वापस करून या. मी छाती फुगवून म्हणालो, उत्तरं मी आणतो.

कुठून? अहो, आमच्या सफारीच्या जिप्सीतून! रोज सहा शिकलीसवरली माणसं माझ्या ताब्यात असतात. पाणवठ्यावर वाघाची वाट पाहत तास तास बसायचं, त्यात जंगलात मोबाईल न्यायला बंदी, म्हणजे कॉपीचा प्रश्नच मिटला. पुस्तकातले प्रश्न वहीत उतरवून मी जिप्सीत कुजबुजायचो, पाहुणे उत्तर कुजबुजायचे. एकमत झालं नाही तर मतदान. तीन-तीन मतं पडली तर निर्णायक मत आमचा ड्रायव्हर विलास द्यायचा. विलासनं सातवीतच शाळेला रामराम केलेला, पण मत देताना तो कधी अडखळला नाही. "ब लिवा भाऊ," तो म्हणायचा, "ब कधी धोका देत नाई."

एकदा विजेच्या एका प्रश्नावर बँकेतले एक साहेब आणि एक निवृत्त इंजिनिअर यांची अशी जुंपली, की त्या गडबडीत वाघीण आमच्या मागून रस्ता ओलांडून गेली. शेजारच्या जिप्सीनं अख्खी पाहिली. आम्हाला शेपटी दिसली, तीही मतमोजणी चालू असताना!

घरी मी "तज्ज्ञांकडून आणली" एवढंच सांगितलं आणि लाल पेन घेऊन पेपर तपासायला बसलो. पहिल्या पेपरात पन्नासपैकी चौदा. दुसऱ्यात अकरा. कॉलेजात पहिली येणारी पोरगी दिवसेंदिवस गप्प होत गेली. मी वरून उपदेश करायचो, की बाई, जरा मन लाव.

फॉर्म भरायला दोन दिवस उरले, तेव्हा तिनं पुस्तक मिटलं.

"बाबा, मी फॉर्म नाई भरत. मले काईच येत नाई. तुमच्यासारखी गाईडच होते."

बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की त्यापेक्षा वाघीण मायाळू वाटावी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सफारीत नागपूरच्या एक बाई होत्या. कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या. मी आशेनं वही पुढं केली. डावीकडं मी आणलेली उत्तरं, उजवीकडं पोरीची. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि विचारलं, ही उजवीकडची कोणाची?

"पोरीची. कच्ची हाय."

"आणि डावीकडची?"

"पाहुण्यांची. बहुमतानं."

झाडावरचं माकडसुद्धा खाजवायचं थांबलं.

"भाऊ, तुमच्या पोरीची पन्नासातली त्रेचाळीस बरोबर आहेत. तिले काऊन नापास करून राह्यले?"

विलासनं हळूच गाडी चालू केली. "म्या तं फक्त मत देल्लं," तो पुढं बघत म्हणाला.

दुपारी खाकी कपड्यांनिशीच मी घरात गुन्हा कबूल केला. प्रज्ञानं मोबाईल घेतला आणि फॉर्म भरायला बसली. बायकोनं मला अंगणात उभं केलं, न जाणो फॉर्मातही मदत करीन!

फॉर्म गेला. मग प्रज्ञा वही घेऊन बाहेर आली. एका प्रश्नापुढं मतं लिहिलेली नव्हती: वाघाच्या पुढच्या पंजाला बोटं किती?

"हे कोनं सांगतलं?"

"म्या," मी कॉलर ताठ केली. "वाघाचं पाहुण्यायले कायले विचारू? चार. रोज मातीत ठसा पायतो ना."

"पाच हायेत, बाबा. पाचवं वर राहते, मातीत उमटत नाई."

वीस वर्षांत हजारो पाहुण्यांना मी छातीठोकपणे चार सांगितली आहेत. त्यांच्यापैकी कोणाची पोरं यंदा परीक्षेला बसणार असतील, तर कृपा करून त्यांना पाच लिहायला सांगा.