गाडी नापास

गाडीचं दुकान थाटून गिऱ्हाइकाला परत पाठवण्यात माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या मामाजींचा, हात धरणारा माणूस अख्ख्या गोंदियात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. गोंदिया वेगळा जिल्हा व्हायच्याही आधीची गोष्ट. एका बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात त्यांचं कार-व्हॅनचं दुकान होतं. नव्याकोऱ्या गाड्यांना धानाच्या कोंड्याचा वास यायचा. गिऱ्हाईक आत आलं की किंमत, मायलेज राहिलं बाजूला, मामाजींचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरी सगळ्यात म्हातारं कोण आहे?" आई आहे म्हटलं की, "मग कोठी आहे ते? घेऊन या!" घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोणाचा हात न धरता गाडीत चढलं, तरच ती गाडी त्या घराला विकायची, असा त्यांचा कायदा होता.

बाकीचे कायदेही काही कमी नव्हते. खांद्यावरच्या दुपट्ट्याने ते बॉनेट पुसत आणि मग त्याच दुपट्ट्याने तोंड. रंग मात्र घरच्या बाईने सांगायचा, पुरुषाने त्यात तोंड घालायचं नाही. एका बड्या शेतकऱ्याच्या बायकोने पोपटी रंग मागितला. कंपनीत पोपटी नव्हता. नवरा बिचारा पांढरीला तयार होता, पण मामाजी म्हणाले, "बाईले पोपटी पायजे ना? मग थांबा." ते गिऱ्हाईक माझ्या माहितीप्रमाणे अजून थांबलेलं आहे.

आम्ही अर्जुनी मोरगावकडचे. बाबांना जीपसारखी उंच, दणकट गाडी हवी होती. आजीला आणायला परत पाठवलं म्हणून ते आधीच तापलेले. दुसऱ्या खेपेला आजी आली, तिने लुगडं सावरलं, पाय उचलला, पण काही केल्या तो पायरीपर्यंत पोचेना. बाबा म्हणाले, "आम्ही देऊ ना हात!"

"हात कायले द्यावा लागते?" मामाजी कडाडले. "गाडी कोणासाठी घेऊन राहिले?" मग आजीकडे वळून एकदम मऊ आवाजात म्हणाले, "आजी, तुमी नापास नाही झाल्या. गाडी नापास झाली."

"हे दुकान आहे का शाळा?" बाबा ओरडले. दोघांची अशी जुंपलेली असताना आजी भिंतीकडच्या बुटक्या व्हॅनपाशी गेली, सरकता दरवाजा ओढला आणि स्वतःच चढून खिडकीजवळ बसली. बाबांनी किती विनवलं, तरी ती हलेना. म्हणाली, "मी आता घरीच उतरीन." आली ना पंचाईत! व्हॅन घ्यावीच लागली.

त्या व्हॅनच्या सर्व्हिसिंगला मी जरा जास्तच वेळा गोंदियाला जाऊ लागलो. पोरगा गाडीची फार काळजी घेतो, असं मामाजींना वाटे. खरं तर दुकानामागेच त्यांचं घर होतं आणि चहा घेऊन त्यांची मुलगी यायची. असो. लग्न झालं. पुढे काचेच्या मोठमोठ्या शोरूम आल्या आणि आमच्या मामाजींच्या गोदामाला कुलूप लागलं.

आता ते आमच्याकडेच गोंदियात असतात. गुडघे पार गेलेत. माझी गाडी पोरांच्या हट्टापायी घेतलेली, ही उंच! गेल्या वर्षी एका बारशाला जाताना मी आणि बायकोने त्यांना काखेत हात घालून आत चढवलं. गल्ली बघत होती. त्या दिवसापासून या माणसाने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. "मी घरीच बरा," एवढंच बोलायचे. आता तिरोड्याला त्यांच्या लाडक्या नातीचं, माझ्या मेहुणीच्या मुलीचं लग्न आलं, तर तेही नको म्हणाले. बायको रडायलाच लागली, "बाबा असेच घरात बसून संपून जातील हो."

मग मी सरळ त्यांच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. "मामाजी, गाडी बदलायची आहे. पास-नापास कोण ठरवणार?" झालं! म्हातारा धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकून ई-रिक्षात जाऊन बसलासुद्धा.

शोरूममधला टाय लावलेला पोरगा एका उंच गाडीतले कॅमेरे नि स्क्रीन दाखवत सुटला. मामाजींनी काही ऐकलं नाही. दरवाजा उघडला, पाय उचलला. पाय खालीच आला. पुन्हा उचलला. पोरगा पुढे होऊन म्हणाला, "अंकल, मैं उठा देता हूँ ना!" आणि मामाजींचा चेहरा पार पडला. घरी परत नेलं असतं तर ते पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर पडले नसते.

"हात कायले द्यावा लागते?" मी ओरडलो. सगळी शोरूम वळून बघायला लागली. "मामाजी, गाडी नापास झाली!"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग दुपट्ट्याने त्या नापास गाडीचं बॉनेट पुसलं, तोंडही पुसलं, आणि हळूहळू कोपऱ्यातल्या एका बुटक्या व्हॅनकडे चालू लागले. "अंकल, वो तो स्कूलवाले लेते हैं," पोरगा मागून सांगत होता. मामाजींनी दरवाजा सरकवला, एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि खिडकीजवळ जाऊन बसले. मी जागचा हललो नाही, हातही पुढे केला नाही. तेवढं मात्र फार जड गेलं.

"रंग कौनसा देखेंगे सर?" पोरग्याने मला विचारलं.

"माह्या पोरीले विचारा!" आतून आवाज आला. जुना, गोदामातला आवाज.

डोळे पुसून मी खिडकीशी गेलो. म्हटलं, "उतरा आता मामाजी, कागदपत्रं व्हायची आहेत, गाडी मिळायला चार दिवस लागतील."

ते समोर बघत म्हणाले, "मी आता तिरोड्यालेच उतरीन."