खिडकीशी बसलेली बाई

ताज्या मटारांचा ओलसर हिरवा वास आला, की मला सत्तरच्या दशकातलं, उत्तरेतल्या बख्शी का तालाब गावचं आमचं हवाई दलाचं क्वार्टर आठवतं, आणि भिंतीवरचं डच चित्राचं कॅलेंडर. चित्रात खिडकीशी सफरचंद सोलणारी एक बाई, तिच्यावर पडलेला मऊ उजेड आणि पायाशी मूल. थंडीतली दुपार होती. सकाळी गेलेलं एक विमान परतलं नव्हतं, आणि त्यात बाबा होते की शेजारच्या आंटींचे मिस्टर, हे दोन्ही घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं. आई खिडकीशी मटार सोलत बसली होती, मी तिच्या पायाशी. तेवढ्यात जीपचा आवाज आला. जीपमध्ये मोठ्या साहेबांबरोबर त्यांच्या मिसेसही असल्या, की त्या घरातलं माणूस गेलं, हे आमच्याकडे पोरांनाही कळायचं. दोन्ही घरांचं फाटक एकच होतं. "आई, जीप अपने यहाँ रुकी है, मेमसाब भी हैं," मी म्हणाले. "ऐकलं मी. तू बाहेर बघू नकोस," आई म्हणाली. तिने मान वर केलीच नाही. हात चालूच होते, फक्त दाणे कचऱ्यात पडत होते आणि टरफलं पातेल्यात. मग दार वाजलं. शेजारचं. आईने क्षणभर डोळे मिटले, आणि पदराला हात पुसत आंटींकडे धावली. परवा मैत्रिणीच्या घरी तेच चित्र दिसलं. "किती शांत वाटतं ना?" ती म्हणाली.  खिडकीच्या इतकी जवळ बसूनही ती बाई बाहेर का बघत नाही, ते मला ठाऊक होतं.