धुण्याआधी विचारा

पुलाच्या मध्यावर पोचल्यावर मावशी थांबल्या. कठड्याला एक हात टेकून त्यांनी उजवा पाय चपलेतून बाहेर काढला, बोटं हलवली आणि पुन्हा आत सरकवला. निघून तास होत आला होता आणि अजून जवळजवळ तेवढंच चालायचं होतं.

"बसने आलो असतो तर एव्हाना पोचून चहासुद्धा झाला असता," शेजारून चालणाऱ्या बाई म्हणाल्या.

"बसमध्ये बसलं की माझं डोकं चालू होतं. पाय चालत असले की ते गप राहतं." मावशी पुन्हा चालू लागल्या. "आणि त्या सरकारी कचेरीतला चहा पिणं म्हणजे बादलीत उरलेलं पाणी पिणं. त्यापेक्षा तहान बरी."

बाई हसल्या, पण मावशी हसल्या नाहीत. एरवी असं काही बोलून त्या तिरक्या नजरेने बघत, समोरच्याला हसू आलं की नाही याची खात्री करून घेत. आज त्यांची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. बाईंना वाटलं, सुनावणीची धास्ती असेल. धास्ती बाईंनाही होतीच. पहाटे देवापुढे बसल्या तेव्हा रोजचं स्तोत्र मध्येच विसरल्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी एका विमानाच्या सामानात स्फोटकं ठेवली आणि ते विमान एका खडकाळ माळावर कोसळलं. एकशे अडुसष्ट माणसं गेली. त्यात मावशींची एकुलती एक मुलगी होती, नर्सचं शिक्षण संपवून पहिल्या नोकरीवर निघालेली. बाईंचा धाकटा भाऊ होता. त्याआधी या दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या, अक्षर चांगलं, म्हणून गेलेल्यांच्या नातेवाइकांची संघटना झाली तेव्हा अर्ज लिहायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं ते आजतागायत. मावशींना कुणी काही काम दिलं नव्हतं. त्यांची लाँड्री होती, नवरा कधीच वारला होता, आणि सभेत त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसून गप्प ऐकत.

त्या बोलल्या त्या सहाव्या महिन्यात. माळावरून गोळा केलेलं सामान विमान कंपनीने खोक्यांतून परत पाठवायला सुरुवात केली होती. बाईंच्या भावाचा शर्ट आला. पारदर्शक कागदात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, कॉलरखाली पुठ्ठ्याची पट्टी. बाईंच्या आईने तो उलटासुलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "हा कुणा दुसऱ्याचा आहे. माझा मुलगा गळ्याचं बटण लावत नव्हता." पुढे दोन वर्षांनी ती गेली, तोवर तिने त्या शर्टाला हात लावला नाही.

बाईंनी तो शर्ट सभेत नेला. कंपनीचा साहेब आला होता. तो म्हणाला, कपडे धुतलेले नाहीत, फक्त धूळ झटकून, वारा देऊन दिले आहेत. तेव्हा दाराजवळून मावशी उठल्या. त्यांनी शर्ट उलटा केला, बाहीची शिवण नखाने उकलून बघितली, मग कॉलर नाकाशी नेली.

"हा धुतलाय. पाण्यात नाही, ड्रायक्लीन केलाय. नुसता झटकला असता तर शिवणीत माती राहिली असती. इस्त्री हाताची नाही, मशीनची आहे, एका दाबात बसलेली."

"आपण कोण?" साहेबाने विचारलं.

"मी लाँड्रीवाली. तीस वर्षं लोकांचे डाग काढतेय. पण डाग दिसला की आधी गिऱ्हाइकाला विचारते, काढू का राहू दे. एका बापाने मुलीच्या हातची शाई राहू द्या म्हणून सांगितलं होतं. आहे अजून त्याच्या सदऱ्यावर." शर्ट नीट घडी करून त्यांनी बाईंच्या हातात दिला. "तुम्ही कुणाला विचारलंत?"

पुढच्या महिन्यात कंपनीने लेखी कबूल केलं की सगळे कपडे एका ठेकेदाराकडून स्वच्छ करून घेतले होते. संघटनेच्या पदरात पडलेली ती पहिली कबुली.

तेव्हापासून मावशींना बसायला वेळ मिळाला नाही. ज्या वस्तूंवर नाव नव्हतं त्यांचे फोटो काढून कंपनीने जाडजूड पुस्तकं केली होती. चष्मे, चपला, किल्ल्या, खेळणी. ती बघायला गोदामात जावं लागे. कुणी एकटं जाणार असलं की मावशी दुकान बंद करून सोबत जात. त्यांचा एक नेम होता. शेजारी बसायचं, पण पान आपण उलटायचं नाही. ज्याचं माणूस गेलंय त्यानेच उलटायचं, मग एका पानाला अर्धा तास लागो. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पूर्ण दिवसात चार पानं बघितली. गोदामाचा कारकून कुरकुरला तर मावशी त्याला म्हणाल्या, "तुमच्या पँटची क्रीज दोन ठिकाणी पडलीय. तेवढी घरी जाऊन सरळ करा, तोवर आमचं होतं." कारकून जरा वेळाने त्या गृहस्थांसाठी पाणी घेऊन आला.

तीन वर्षांपूर्वी आणखी एक विमान पडलं. त्याच्याशी संघटनेचा काही संबंध नव्हता. बातमी कळताच मावशी विमानतळावर गेल्या आणि तिथे रडणाऱ्या अनोळखी लोकांत जाऊन बसल्या. बाईही गेल्या होत्या. मावशींनी कुणाला धीर दिला नाही की देवाची इच्छा म्हणाल्या नाहीत. आधी खुर्च्या मागवल्या, कारण लोक जमिनीवर बसले होते. मग एकेकाला सांगितलं: आज कुठल्याही कागदावर सही करू नका, घरी जो असेल त्याला जेवू घाला, आणि गेलेल्या माणसाचे घरात असलेले कपडे धुवायला टाकू नका. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज बसला. बाईंना तेव्हा वाटलं होतं की दमल्या असतील.

आणि आता, अकरा वर्षांनी, सरकारने समिती नेमली होती. अपघातात किंवा घातपातात गेलेल्यांच्या वस्तू परत करताना काय करावं याचे नियम ती ठरवणार होती. संघटनेची मागणी एका ओळीत सांगता येण्यासारखी होती: धुण्याआधी विचारा. कंपनीचा वकील मात्र म्हणत होता की हा भावनेचा प्रश्न आहे, त्याचा नियम कशाला. वकील इतका गोड बोलायचा की नातेवाईक त्याला आपसात गुळगुळीत म्हणत. आज तीन वाजता पहिली साक्ष मावशींची होती, शपथेवर. ती पटली तर नियम होणार होता, आणि नाही पटली तर समिती दुसऱ्यांदा बसणार नव्हती.

पूल उतरल्यावर रस्त्याकडेला एक सिमेंटचं बाकडं होतं. मावशी त्यावर बसल्या.

"दमलात?"

"नाही. माझ्या निवेदनातलं दुसरं वाक्य म्हणा बरं."

बाईंना ते पाठ होतं. "माझ्या मुलीचे कपडे मला धुऊन आणि इस्त्री करून परत देण्यात आले."

"हे तुम्ही लिहिलंत."

"एकतीस जणांच्या निवेदनांत तेच आहे, मावशी. सगळ्यांचं तसंच झालं होतं."

"माझं नव्हतं झालं." मावशींनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. गरम इस्त्रीने भाजल्याचे जुने पांढरे वण त्यांवर होते. "तुमची चूक काढत नाही. तुम्ही लिहिलंत, मी वाचलं, मी सही केली. पण तिचा स्वेटर कंपनीकडून आलाच नाही. पोलिसांकडून आला, चौथ्या महिन्यात. पुरावा म्हणून ठेवला होता, मग लागला नाही म्हणून दिला. कागदात बांधलेलं पुडकं. शिपायाने सही घेतली आणि पुडकं टेबलावरून माझ्याकडे सरकवलं, भाजीवाला सरकवतो तसं. मी ते घरी नाही नेलं. दुकानात नेलं."

एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

"सोडून बघितलं. रॉकेलसारखा वास येत होता आणि बाहीवर माती होती. आणि बाई, माझा हात गेला. मला कुणी सांगितलं नाही, मी ठरवलं नाही. मातीचा कपडा समोर आला की हाताला बादलीच माहीत. मी रडत होते आणि धूत होते. कोमट पाणी, लोकरीची पावडर. पिळला नाही, टॉवेलात गुंडाळून दाबला. सावलीत आडवा वाळवला. सगळं अगदी बरोबर केलं. कुणा गिऱ्हाइकाचा कपडा मी इतका जपून धुतला नसेल."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"इस्त्री करायला घेतला तेव्हा कळलं. वाफ निघाली की कपड्यातून माणसाचा वास येतो, आम्हा लाँड्रीवाल्यांना ते माहीत असतं. काखेत, गळ्याशी, कितीही धुतला तरी थोडा उरतो. मी नाक खाली नेलं. साबणाचा वास होता. जपून धुतला होता ना, म्हणून काही उरलं नव्हतं."

बाईंना आधी वाईट वाटलं, आणि लगेच, स्वतःलाच आवडलं नाही तरी, राग आला. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने सात वेळा लिहिलं होतं. सात कार्यालयांत दिलं होतं. वर्तमानपत्रात छापून आलं होतं.

"हे आजच का सांगताय?"

"आजवर नुसती सही होती. आज शपथ आहे."

बाईंच्या तोंडावर आलं होतं की देवाला सगळं माहीत आहे, तो समजून घेईल, आज एवढा दिवस निभावून न्या. शब्द ओठांपर्यंत आले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. रोज सकाळी हात जोडणारी बाई दुसरीला खोटी शपथ घ्यायला सांगायला निघाली होती.

"गुळगुळीत काय म्हणेल माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या. "म्हणेल, सख्ख्या आईने धुतला तर चालतो आणि आम्ही धुतला तर गुन्हा. समिती हसेल, मावशी. अकरा वर्षं पाण्यात जातील. उरलेल्या तीस जणांनी काय करायचं?"

"म्हणेल. हसतीलही." मावशी शांतपणे म्हणाल्या. "सहा रात्री मी याचाच विचार करतेय, तुम्ही आत्ता पहिल्यांदा करताय. तुमच्या नियमांच्या मसुद्यात पोलिसांचं कलम आहे?"

"नाही."

"पुडकं हातात देणाऱ्याने आधी समोर बसवून दोन वाक्यं सांगावीत, असं कुठे आहे? की घाई करू नका, चार दिवस बांधूनच ठेवा, धुतलं की परत येणार नाही. आहे कुठे?"

"नाही."

"का नाही? कारण जिला माहीत होतं ती गप्प बसली." मावशींनी पहिल्यांदा बाईंकडे बघितलं. "त्या शिपायाने एवढं सांगितलं असतं तर माझा हात थांबला असता. मी विचार करते, अशा किती जणी असतील. घरी पुडकं आलं, वास सहन झाला नाही, धुऊन टाकलं, आणि आता तोंड शिवून बसल्यात. कंपनीला शिव्या देता येतात, बाई. स्वतःला द्यायच्या तर कुणाजवळ?"

बाईंनी रस्त्याकडे बघितलं. शाळा सुटायची वेळ नव्हती, रस्ता रिकामा होता. नियम होईल की बुडेल हे त्यांना आता सांगता येत नव्हतं. भावाचा शर्ट आईने बाजूला ठेवल्याचं सांगताना त्यांनी कंपनीला किती शिव्याशाप दिले होते, आणि त्या वेळी समोर बसून मावशी निमूट मान हलवत होत्या. त्या मान हलवण्यामागचं बाहेर यायला अकरा वर्षं लागली होती.

"सव्वा वाजलाय," त्या म्हणाल्या. "नवीन लिहायचं तर इथेच बसून लिहावं लागेल."

"म्हणून तर बसले."

बाईंनी मांडीवर पिशवी आडवी घेतली आणि तिच्यावर कागद ठेवला. मावशी सांगत गेल्या, बाई लिहीत गेल्या. पोलिस ठाण्याची खोली, टेबल, पुडकं. पावडरचं नाव, पाणी किती कोमट होतं ते. मावशी काही गाळत नव्हत्या. स्वेटर कुणी विणला होता, किती दिवसांत, कोपराजवळ एक टाका कसा चुकला होता आणि लेकीने तो उसवू दिला नव्हता, हेही सांगितलं. रंग सांगितला. मग वाकून कागदाकडे बघितलं.

"लिहिलंत?"

"लिहिते आहे."

"बाकी सगळं राहू द्या. मी धुतला हे तर पहिल्या ओळीत घ्या. फक्त रंग खोडा. मी गेल्यानंतर तुम्ही माझ्याबद्दल कुठे काही लिहिलंत, तुमचा काही नेम नाही, तर तिथेही लिहू नका. तिचं जे धुतलं गेलं नाही असं तेवढंच माझ्याकडे आहे."