मामांचे पन्नास वेढे

शेलूबाजारचे वायंडिंग मामा तार गुंडाळायला बसले की मुके व्हायचे. जळालेली मोटर घेऊन सरपंच येवो की सख्खा जावई, मामा डावा हात वर करून त्याला दारातच थांबवायचे आणि ओठांतल्या ओठांत वेढे मोजत राहायचे. त्या हाताकडे बघत मी जेवढा चरफडलो, तेवढा कोणावरच चरफडलो नसेन.

मी त्याच भागातल्या इंझोरी गावचा, पण नोकरी परराज्यातल्या प्रयोगशाळेत. तिथे टोकामॅक नावाचं पोकळ कड्यासारखं यंत्र आहे. त्यात लाखो अंशांना तापलेला वायू चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवतात. तो आतून सारखा खळबळत असतो आणि त्या खळबळीने चुंबकक्षेत्र कसं थरथरतं, हे मोजायचं माझं काम. त्यासाठी बोटाच्या पेराएवढ्या तारेच्या कॉइल लागतात. विकतच्या कॉइल दर वेळी दगा द्यायच्या. शेवटी वैतागून सुटीत मी तार घेऊन मामांकडे गेलो. बारा कॉइल हव्या होत्या, प्रत्येकीत पन्नास वेढे.

दोन दिवसांच्या कामाला त्यांनी बारा दिवस लावले.

"मामा, यंत्रावरची माझी पाळी जाईल हो."

"घाई असन तं दुसऱ्याजोळ जाय. मोजणं म्हंजे मोजणं."

त्यांनी प्रत्येक कॉइलला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. प्रयोगशाळेत पोचताच मी दोरे कापले, चिठ्ठ्या न वाचताच कचऱ्यात टाकल्या. एक कॉइल तपासली, पन्नास वेढे निघाले. बाकीच्या तशाच धरल्या.

सातव्या कॉइलने मला वेड लावलं. तिच्याजवळ खळबळ चक्क कमी दिसायची. एवढ्या उकळत्या वायूत शांत जागा सापडली म्हणून मी वर्षभर राबलो, शोधनिबंध लिहिला. तो पाठवायच्या बेतात असताना ती कॉइल जळाली. मी ती घेऊन पुन्हा मामांकडे गेलो.

जळालेलं काहीही असो, जुने वेढे मोजल्याशिवाय मामा नवीन भरत नसत. चिमट्याने ते एकेक वेढा सोडवू लागले. डावा हात वर. मी उभा.

"बेचाळीस," ते म्हणाले.

"पन्नास सांगितले होते ना मी!"

"तार तेवढीच चांगली निंघाली. पुढची खरचटेल होती. जोड देल्ला असता तं तुह्या मशीनीत टिकला नसता. चिठ्ठीवर लेहेलं होतं ना बापू. वाचली नाही काहून?"

शांत जागा कसली न कपाळ कसलं. वेढे कमी, म्हणून आकडे कमी. माझं वर्ष त्या आठ वेढ्यांत गेलं. मी त्यांच्यावरच भडकलो, तोंडाने सांगायला काय झालं होतं म्हणून.

"तू बस धराच्या घाईत होता," एवढंच बोलून त्यांनी नवी तार घेतली. कॉइल हातात देताना म्हणाले, "आता तू मोजजो. पन्नास भरले का नाही, फोन करून सांगजो मले."

परतल्या दिवशीच मी तपासलं. बरोबर पन्नास. फोन मात्र केला नाही. मनात अढी होती. म्हटलं, खळबळीचं खरं चित्र हाती येऊ दे, मग एकदमच सांगू.

दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. मामा गेले होते.

"दवाखान्यातही विचारून राह्यले होते," ती म्हणाली, "त्या इंझोरीवाल्याचा फोन आला काय म्हणून. काही काम होतं काय दादा?"

"त्यांना सांगायचं होतं, पन्नास भरले," मी म्हणालो.

"म्हंजे काय?" तिने विचारलं.