मेलेला हिरो आणि नाचणारा हिरो

तरुणपणी आमच्या बाबांनी कुरुंद्याच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये एक सिनेमा पाहिला. मशीनवाला त्या दिवशी जरा जास्तच टाकून आला होता. त्याने शेवटचं रीळ मध्येच लावलं. हिरो गोळी लागून मेला, चितेवर जळाला आणि पुढच्या रिळात हिरॉईनबरोबर शेतात नाचायला लागला. दुसऱ्या गावात दगडफेक झाली असती. आमच्या लोकांनी तंबूतच निकाल लावला, की हा जुळा भाऊ आहे. भावजयीला असं नाचवतो म्हणून बायांनी त्याला शिव्याही घातल्या.

हिंगोलीकडच्या गोरेगावचा माझा मामा मात्र म्हणायचा, हिरो एकच. त्याने म्हणे तो सिनेमा हिंगोलीला पाहिला होता. बाबा मुलखाचे घुमे, त्यात सासरच्या माणसांपुढे तर तोंडाला कुलूप. पण लग्न असो की तेरावं, मामा दिसला की हा वाद पेटायचाच. वाढपी दोघांना वळसा घालून जायचे.

पुढे वसमतला नेट कॅफे आले. मी नोकरीच्या जाहिराती बघायला जायचो आणि जुने सिनेमे बघत बसायचो. कुणा सज्जनाने त्यांचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून नेटवर टाकलेले असत. बेकार माणसाला याहून मोठं सुख नाही. त्यातच एकदा बाबांचा सिनेमा सापडला.

बाजारच्या दिवशी बाबांना घेऊन गेलो. मांडीवर भाजीची पिशवी, टोपीवर हेडफोन. कान झाकले की माणूस ओरडून बोलतो, त्यामुळे सगळ्या कॅफेला गोष्ट कळली. हिरो नाचला, मग मेला, चिता जळाली आणि ‘समाप्त’ आलं. बाबा हलेनात.

“आता भाऊ येईल,” त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

पुढचा तुकडाच नाही म्हटलं, तर म्हणाले, नीट पाहा, असेल. मी नीट पाहिलं. नव्हता.

एसटीत बाबा पिशवीतली भाजी उगाच वरखाली करत बसले. मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याचा जुळा भाऊ मी कशाला मारला? घरी आल्यावर त्यांनी मामाला फोन लावायला सांगितला. बाबांनी मामाला कधीच फोन केला नव्हता, त्यामुळे मामाने आधी विचारलं, कोण गेलं. स्पीकर बंद कसा करायचा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळं सगळ्यांनी ऐकलं.

“तुझं बराबर होतं,” बाबा म्हणाले. “हिरो एकच हाये.”

 मामा म्हणाला, “दाजी, म्या तर तो पिच्चर पाह्यलाच न्हाई. मेलेलं माणूस नाचत नस्ते, हे कळाया तिकीट कशाला लागते?”

बाबा लालेलाल झाले. “मंग इतकी वर्षं भांडला काहून?”

“दुसरं कायी बोलत होते का तुमी माझ्यासंगं?”

बाबांनी फोन हातात घेतला. आईने पदर तोंडाला लावला. फोन ठेवतात की काय असं मला वाटलं, तेवढ्यात त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, “सोयाबीन कसं हाये औंदा?”