एसीचा सूर

“मॅडम, मी एसी दुरुस्त करतो. बिघडवत नाही. कॅन नॉट लाह!” आमचे टेक्निशियन लिम अंकल शिडी मिटत म्हणाले.

सकाळचे अकरा वाजले होते. कार्यक्रम साडेसातला होता. आणि चूक माझी होती.

तेव्हा मी सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या एका छोट्या सभागृहाची ऑपरेशन्स मॅनेजर होते. खुर्च्या, दिवे, पाहुण्यांचं पाणी, सगळं माझ्याकडे. त्या आठवड्यात नॉर्वेहून तिघांचा गट आला होता. जुन्या लोकधुना, आणि त्यांत मध्येच कागद चुरगाळणं, तारेवर गज नुसता खरवडणं, असं त्यांचं संगीत. प्रमुख इंग्रिड. ती हार्डांगर फिडल वाजवायची. हे तिकडचं जुनं व्हायोलिन. मुख्य तारांखाली सारंगीसारख्या तरफा असतात. त्यांना कोणी हात लावत नाही. सूर जुळला की त्या आपोआप घुमतात.

आदल्या दिवशी मी नेहमीची पाहणी केली. स्टेजवरच्या डक्टमधून, म्हणजे एसीची हवा आणणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यातून, घुंऽऽ असा आवाज येत होता. लहानपणी पुण्यात पेटी शिकले होते, त्यामुळे लगेच कळलं: काळी दोन, जराशी उतरलेली. मी टॅबलेटवर फॉल्ट रिपोर्ट भरला. अर्जंट. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लिम अंकलनी पत्र्याखाली रबराच्या चकत्या बसवल्या. आवाज बंद. मला केवढं समाधान!

दहाला इंग्रिड आली. स्टेजवर उभी राहून छताकडे बघत राहिली.

“तो कुठे गेला?”

“कोण?”

“आमचा चौथा.”

मला वाटलं, माणूस हरवला. मी पाहुण्यांची यादी काढली. यादीत तीनच नावं.

मग उलगडा झाला. दोन दिवस तालमी करताना त्यांनी कार्यक्रमाचा उत्तरार्ध, एक संपूर्ण नवी रचना, त्या घुंऽऽवर बसवली होती. इंग्रिडच्या सगळ्या तरफा त्याच सुरात लावलेल्या. आपल्याकडे गवई मागे तानपुरा घेऊन बसतात. यांनी एसीला बसवलं होतं. तो नसेल तर उत्तरार्ध रद्द, असं तिनं शांतपणे सांगितलं.

मी बॉसकडे गेले. मिस टॅननी एकच विचारलं, “रिपोर्ट तू केलास?”

“हो.”

“मग तूच निस्तर.”

माझ्या कराराच्या नूतनीकरणाचा कागद त्यांच्या टेबलावरच होता. सही व्हायची होती.

मी फोनवर तानपुऱ्याचं अॅप लावून इंग्रिडला ऐकवलं. तिनं डोळे मिटले. “फार सुंदर आहे.”

“मग चालेल?”

“नाही ना. फारच सुंदर आहे.”

म्हणून अकरा वाजता मी लिम अंकलसमोर उभी होते.

“कम्प्लेंट तुमची,” ते म्हणाले. “मी नीट केलं. आता नीट झालं हीच कम्प्लेंट? फॉर्म कुठाय?”

बरोबर होतं त्यांचं. रिपोर्टशिवाय डक्टला हात लावायची परवानगी नव्हती. मी फॉर्म उघडला. बिघाडाचे तीनच प्रकार: गळती, वास, आवाज. मी ‘आवाज’ निवडलं. खाली लिहिलं: “येत नाही. त्वरित हवा.”

अंकलनी ते दोनदा वाचलं आणि शिडी पुन्हा उघडली.

चकत्या काढल्या. आवाज आला, पण चढा. इंग्रिड खाली फिडल घेऊन बसली. “खाली... अजून खाली...” अंकल पान्यानं बोल्ट पिळत होते. मी मधे उभी राहून “काळी दोन! काळी दोन!” असं मराठीत ओरडत होते. कुणालाच कळत नव्हतं. आणि एकदम, कोणी हात न लावता, इंग्रिडच्या मांडीवरच्या तरफा घुमू लागल्या.

अंकल वरून वाकले. “आय्यो! हे आपोआप वाजतं?” त्यानंतर ते पाना खाली ठेवायलाच तयार होईनात. आणखी अर्धा तास त्यांनी “जरासं बारीक” जुळवलं.

उत्तरार्ध झाला. शेवटी इंग्रिडनं हात वर केला, तेव्हा सगळ्या सभागृहानं माना वर करून डक्टसाठी टाळ्या वाजवल्या. दाराशी उभ्या असलेल्या लिम अंकलनी युनिफॉर्ममध्येच वाकून त्या स्वीकारल्या.

रिपोर्टच्या छापील प्रतीवर ‘केलेलं काम’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: “आवाज पूर्ववत. ग्राहक समाधानी.” मिस टॅननी त्यावर न वाचता सही केली, आणि त्याच पेनानं माझ्या करारावरही.

तेव्हापासून कुठलाही फॉल्ट रिपोर्ट भरण्याआधी मी विचारून घेते, “हा बिघाड कोणाला हवा तर नाही ना?” लोक विचित्र बघतात. बघू देत.